विलायतेतली हरणं, आमचा हरभरा

माझी लेक इंग्लंडात हरणांचं काम करते असं सांगितलं, की आमच्या गावातले लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हंजे नेमकं काय करती?" बरेच दिवस मलाही ते सांगता येत नव्हतं. ती उदगीरला शिकून जनावरांची डॉक्टर झाली, लग्न झालं, जावयाच्या नोकरीपायी तिकडे गेली आणि तिथल्या जंगलातल्या कुठल्याशा कामाला लागली, एवढं मला ठाऊक होतं. पण हरणांचं असं काम तरी काय असणार? म्हशीचं असतं. वैरण टाका, दूध काढा, शेण भरा. हरिण कुणाच्या दावणीला नसतं. शेवटी मी "सरकारी काम आहे" म्हणून मोकळी व्हायचे. त्यावर पुढे कुणी विचारत नाही.

हरणांशी आमची ओळख वेगळ्या कारणाने आहे. आमचं घर उदगीरजवळच्या एका गावात, अगदी कडेला. घरामागे शेत, शेतामागे ओढा आणि ओढ्यापलीकडे गवताचा माळ. माळावर हरणं असतात. पावसाळ्यात ती लांबून फार देखणी दिसतात. हरभरा हातभर झाला की देखणी दिसायची थांबतात, कारण तेव्हा ती आमच्या शेतात असतात. मग आमच्या भागात सगळे करतात तेच आम्हीही करतो. बांधाला खुंट रोवतो आणि जुन्या साड्या एकीला एक जोडून शेताभोवती ताणतो. वाऱ्यावर साडी हलली की हरिण बिचकतं आणि माघारी फिरतं. सगळ्या भावकीतल्या बायकांच्या साड्या आमच्या कुंपणाला आहेत. शेताला एक चक्कर मारली की कुणाचं लग्न कधी झालं आणि कुणाच्या सासरचे चिक्कू होते, हे सगळं आठवतं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात जी जांभळी साडी आहे, ती लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी मला दिलेली. तिचा रंग असा आहे की हरणाचं सोडा, मलाही तिच्याकडे फार वेळ बघवत नाही.

लेक दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि तिथल्या हरणांबद्दल सांगायची. इंग्लंडच्या त्या बेटावर रानात सहा जातींची हरणं फिरतात, पण अगदी मूळची त्यातली दोनच. एक तांबडं, सांबराएवढं थोराड. दुसरं लहानसं, त्याला रो म्हणतात. बाकीची चार बाहेरून आणलेली. ठिपकेवालं फॅलो फार जुन्या काळी कुणी राज्यकर्त्यांनी शिकारीसाठी नेलं. सिका जपानकडून आलं. आणि चीनकडची दोन श्रीमंतांनी आपल्या बागांत हौसेने पाळली, तिथून ती निसटली आणि रानात पसरली. त्यातल्या एकाला शिंगंच नाहीत, नराच्या तोंडातून दोन सुळे बाहेर येतात.

"म्हणजे तुझ्यासारखीच की," मी म्हटलं. "व्हिसावर गेली आणि तिथंच राहिली."

"अव्वा, मी परत येनार हाय," ती म्हणाली. हे ती दरवेळी म्हणते.

एका रविवारी तिने मला फोनवर एक आवाज ऐकवला. संध्याकाळच्या वेळी तिच्या घरामागच्या झाडीतून तिने तो भरून ठेवला होता. खरखरीत, एकसारखा, घसा बसलेलं कुत्रं भुंकावं तसा. मी हातातलं सूप खाली ठेवलं. माझं माहेर किनवटचं. वडिलांचं तिथे छोटं दुकान होतं, आणि रेल्वेरुळापलीकडे जंगल सुरू व्हायचं. दिवेलागणीला त्या जंगलातून हाच आवाज यायचा, आणि आई म्हणायची, पोरी हो, भेकर ओरडतंय, आत या.

"हे तर आमचं भेकर हाय," मी म्हणाले.

लेक एवढी खूष झाली की तिने फोन हलवला आणि मला तिचं छत दिसलं. ते तिथलं मुंटजॅक होतं, त्या चीनकडच्या दोघांतलं एक. भेकराचं सख्खं नव्हे पण चुलत भावंड. शेळीपेक्षा लहान, पाठ वाकडी आणि तोंड दुर्मुखलेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला बरं वाटत होतं. मुदखेडला गाडी बदलून माहेरी जायचे तेव्हा किनवट येण्याआधीच रानाचा वास यायचा. लेकीला परमुलखात तसलाच आवाज सोबतीला आहे म्हटल्यावर ती मला जरा कमी लांब वाटायला लागली.

मग दिवाळी झाली आणि तो फोटो आला.

लेकीने घरच्या ग्रुपवर बरेच फोटो टाकले होते. पणत्या, जावयाने केलेल्या वाकड्या करंज्या, घरामागची पानं गळालेली झाडं. त्यातच मध्ये एक वेगळा फोटो होता. गवतावर एक तांबडं हरिण आडवं पडलेलं, सांबराएवढं. मागे हिरव्या कपड्यांतले दोन गोरे पुरुष, दोघांच्या खांद्यांना बंदुका. आणि हरणाच्या डोक्याशी गुडघे टेकून माझी लेक. तिने हातमोजे घातलेले, आणि एक हात त्या हरणाच्या जबड्यावर. ती हसत नव्हती. पण रडतही नव्हती.

मी चष्मा पुसून पुन्हा बघायला गेले तर फोटो नव्हता. त्या जागी मेसेज काढून टाकल्याची ओळ आली होती. यांनी, म्हणजे लेकीच्या अप्पांनी, बघितला नव्हता, ते आमच्या दुकानात होते. फक्त मी बघितला होता, आणि मी बघितला हे लेकीला ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी चहाला तोंड लावत नाही. अंडं असेल या नुसत्या संशयावरून मी शेजारच्या वाढदिवसाचा केक गोड बोलून परत पाठवते. आणि माझी मुलगी, जिने लहानपणी बैलाला चाबूक मारला म्हणून गड्याशी अबोला धरला होता, ती बंदूकवाल्यांच्यात बसून मेलेल्या हरणाचं तोंड धरते आहे. हरणांचं काम म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं असं मला वाटलं. काही नसतं तर तिने फोटो पुसून कशाला टाकला असता?

तिला विचारायला काय झालं होतं, असं कुणीही म्हणेल. मला काही झालं नव्हतं, मला भीती वाटत होती. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर पुढे काय करायचं? न विचारता निदान निम्मी आशा तरी शिल्लक राहत होती. रविवारी कॉल आला की मी जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच विचारायचे. "अव्वा, तुला बरं न्हाई का?" असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, दाढ दुखते. मग जावयाने तिकडून दाढेवरचे चार उपाय सांगितले, तेही ऐकून घेतले.

पण मी स्वस्थ बसणारी बाई नाही. पाप झालं असेल तर ते फेडलं पाहिजे, आणि हरणांचं पाप हरणांनाच फेडलं पाहिजे, इतका सरळ हिशेब मी मांडला. आमच्या स्वामींना, जंगमाला, घरी बोलावून जेवू घालता आलं असतं, पण मग कशासाठी ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी दुसरी वाट काढली. हे दुकानातून दिवेलागणीनंतर येतात. त्याआधी मी शेतात जायचे, ओढ्याकडच्या कोपऱ्यातली जांभळी साडी एका बाजूने सोडायचे आणि खुंटाला गुंडाळून ठेवायचे. सकाळी हे पूजेला बसले की पुन्हा जाऊन बांधायचे. तिकडे लेक घेते, इकडे आई देते. हरणांना तरी कुठे ठाऊक, कोण कुठल्या देशातलं.

हरणं शहाणी निघाली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. मग एक आलं, मग सगळा कळपच येऊ लागला. कोपऱ्यातला हरभरा कुणी न्हाव्याकडे नेल्यासारखा दिसू लागला.

हे रोज सकाळी शेतात जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. "साड्या जागच्या जागी हायत," ते म्हणायचे, "मग हरबरा खाऊन कोन राहिलं?"

"उडी मारून येत असतील," मी म्हणायचे.

"सगळा कळप? एकाच कोपऱ्यात?"

"एकाचं बघून दुसरं शिकतं."

त्यांनी फटाके उडवून बघितले. बुजगावण्याला स्वतःचा जुना सदरा घातला. शेवटी म्हणाले की आता तारेचं झटका मशीन बसवतो, हात लावला की हरिण चार फूट लांब पडेल. फेडायला गेले आणि नवंच पाप दारात आलं. "येळवस होऊ द्या," मी म्हटलं. "सणाच्या आधी शेतात नवी वस्तू नको." असा काही नियम आमच्यात नाही. पण सणाच्या नावाने सांगितलेलं हे सहसा मोडत नाहीत.

येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडचं कुणी घरात सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजायचे, मडक्यातली ताकातली आंबील, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे सगळ्यांनी मिळून खायचे. त्या वर्षी लेक खास येळवशीसाठी यायची होती. जावयाला सुट्टी नव्हती, ती एकटीच हैदराबादला उतरून येणार होती. आणि यांनी जाहीर करून टाकलं होतं, "यंदा पूजा लेकीच्या हातानं."

ते ऐकल्यापासून मला झोप नीट लागेना. ज्या हाताने बंदूक धरली, त्या हातात नैवेद्याचं ताट कसं द्यायचं? आणि नाही दिलं तर, इतक्या लांबून आलेल्या लेकीला काय सांगायचं?

ती आली. थोडी वाळली होती, बाकी तीच. आल्या आल्या चुलीपुढे बसून माझ्या हातची भाकरी खाल्ली, आणि मी तिच्या हातांकडे बघत राहिले. नखं कापलेली, एका बोटाला भेग. दुसरं काही दिसलं नाही. दिसणार तरी काय होतं?

येळवशीच्या दिवशी कोपीपुढे सगळं मांडून झालं. यांनी तिला हाक मारली. मी पटकन म्हणाले, "ती प्रवासानं थकली हाय. मीच करते." यांनी माझ्याकडे बघितलं. लेकीनेही बघितलं. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि मी भज्जीच्या पातेल्यात पळी उगाचच हलवत बसले.

"बरं, आधी आंबील शिंपून येऊ," हे म्हणाले. आमच्या घरात पूजेआधी शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडतात. हे मडकं घेऊन पुढे, मागे लेक, आणि तिच्यामागे मी. मला जायचं नव्हतं, पण त्या दोघांना एकटं त्या कोपऱ्यात पाठवायचीही सोय नव्हती.

तीन बाजू नीट झाल्या. लेक साड्या ओळखत चालली होती, ही काकूची, ही आत्याची, ही तुझी संक्रांतीची. ओढ्याकडच्या कोपऱ्यात आल्यावर ती एकदम खाली बसली. जमिनीवरची पानं बाजूला केली. लेंड्या उचलून बोटांत चुरडल्या. खुडलेल्या हरभऱ्याचे शेंडे बघितले. मग गुडघ्यांवरच पुढे सरकत साडीच्या खालून ओढ्याकडे गेलेली पायवाट बघितली. तिचा चेहरा असा झाला होता, जसा उदगीरला शिकत असताना आमची गाय अडली तेव्हा झाला होता.

"अप्पा, हे उडी मारून येत न्हाईत," ती म्हणाली. "रोज इथूनच चालत येतात. घाबरतसुद्धा न्हाईत, बघा, सावकाश खाल्लंय. कुनीतरी साडी सोडून देऊन राहिलंय."

"कोन सोडतंय?" यांचा आवाज चढला. "नाव सांग, आत्ता बघतो."

लेक उठली आणि खुंटाजवळ गेली. बाकीच्या साड्यांच्या गाठी उन्हापावसाने आवळून दगड झालेल्या. जांभळ्या साडीची गाठ नवी होती, एक टोक ओढलं की सुटणारी. तिने ते टोक ओढलं. गाठ सुटली. तिने माझ्याकडे बघितलं.

"अव्वा, ही तर माझ्या रिबिनीची गाठ हाय."

शाळेत जाईपर्यंत, नव्हे शाळा सोडेपर्यंत, तिच्या दोन्ही वेण्यांना मीच रिबीन बांधायचे. तशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. हे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते आणि मडक्यातली आंबील त्यांच्या पायावर सांडत होती.

मग मात्र मला राहवलं नाही. "हाव, मीच सोडते," मी म्हणाले. "तू तिकडं बंदुकीनं हरणं मारतीस. मग कुनीतरी भरून द्यायला नको? फोटो पुसून टाकला म्हंजे आईनं बघितला न्हाई असं वाटलं का तुला?" रागावले होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

लेक बांधावर बसली. आधी तिला हसू आलं, मग ते थांबलं. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"मी बंदूक धरत न्हाई अव्वा. आजवर एकदाबी धरली न्हाई," ती म्हणाली. "मी लेंड्या मोजते."

"काय मोजतीस?" हे म्हणाले.

"लेंड्या, अप्पा. रानात पट्टे आखायचे, चालत जायचं आणि कुठं किती लेंड्या पडल्यात ते मोजायचं. त्यावरून कळतं रानात किती हरणं हायत, कोनत्या जातीची. फोटोतलं हरिण त्या दोघांनी मारलेलं होतं. मी त्याचे दात बघत होते. दातावरून वय कळतं. फोटो चुकून गेला, आनि घरात कुनाला बघवनार न्हाई म्हनून मी पुसून टाकला."

"एवढं शिकून लेंड्या," हे पुटपुटले. पण त्यांच्या आवाजातला चढ उतरला होता.

माझा जीव असा भांड्यात पडला की पाय पसरून बसावंसं वाटलं, आणि मी बसलेच. पण लेक माझ्यासारखीच आहे, अर्धं सांगून गप्प बसत नाही. खाली बघत ती म्हणाली, "पन एक हाय अव्वा. माझ्या मोजनीवरून ते ठरवतात, किती मारायची. तिथं वाघ न्हाई, लांडगा न्हाई. हरणं वाढली की नवं झाड उगवू देत न्हाईत, आनि थंडीत उपाशी मरतात. मी न्हाई मोजलं तर ते अंदाजानं मारतील, आनि अंदाजानं जास्तच मारतात. मला पहिल्यांदा लई वाईट वाटलं. अजूनबी वाटतं. म्हनून तुला सांगत नव्हते."

सगळं स्वच्छ झालं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण दोन महिने मी ज्याची धास्ती घेतली होती ते हे नव्हतं. तिला वाईट वाटतं, एवढं मला पुरे होतं. बैलासाठी गड्याशी अबोला धरणारी पोर अजून तिथेच होती, फक्त आता तिच्या अंगावर मोठ्यांचं काम होतं. उरलेल्याचं काय करायचं ते तिचं तिने बघावं, मी काही विचारणार नव्हते.

"आता या कोपऱ्याचं काय?" यांनी विचारलं.

लेक म्हणाली, हरणांची वाट एकदा पडली की पडली, आता ती इथे येतच राहणार. खुंट थोडे आत घ्या, एवढा तुकडा बाहेर राहू द्या, तो संपेपर्यंत हरभऱ्याला घाटे धरतील आणि शेंड्यांची गोडी जाईल. दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन खुंट उपटताना दिसले. झटका मशीनचं नाव पुन्हा निघालं नाही. जांभळी साडी अजून तिथेच आहे, आणि तिची गाठ आता हेच मारतात.

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही तिघं कोपीकडे परत आलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, आंबील निम्मी सांडली होती आणि सगळ्यांना भुका लागल्या होत्या. लेक मागेच उभी राहिली, मी सकाळी तिला डावललं ते ती विसरली नव्हती. मी तांब्या उचलला.

"हात पुढं कर," मी म्हणाले. "लेंड्या लागल्यात."

तिने दोन्ही हात पुढे केले. मी पाणी ओतलं आणि माझ्या पदराने ते पुसले, अगदी भेगेच्या बोटापर्यंत. मग नैवेद्याचं ताट त्याच हातांत दिलं.